घंटा वाजली म्हणे

चिखलीच्या त्या कापसाच्या जिनिंगमध्ये सोजराबाईच्या तोंडाला मुकादमसुद्धा भीत असे. गावाबाहेर तिचा आणि तिच्या नवऱ्याचा, उकंडरावांचा, वांग्या-मिरचीचा मळा होता. दिवाळी सरली की विहिरीचं पाणी खाली जायचं, निम्मा मळा कोरडा पडायचा आणि मग हंगाम संपेपर्यंत सोजराबाई जिनिंगवर रेजा म्हणून मजुरीला जायची. बरोबर तिची भावजय कोकिळा असे. उकंडराव शांत माणूस. ते म्हणायचे, "आमच्या घरी चूल दोन ठिकाणी पेटते. एक भिंतीपाशी अन् एक हिच्या डोक्यात."

महाराष्ट्र राज्य होऊन सहा-सात वर्षं झाली होती. त्या हंगामात जिनिंगमध्ये आगीची घंटा बसली. मालकांना कामगारांचा कळवळा आला होता असं नाही. गाठींचा विमा उतरवणाऱ्या कंपनीनं सांगितलं होतं, घंटा नसेल तर विमा नाही. ती बसवायला धामणगाव बढ्याचा कडूबा वायरमन आला. हा मुंबईच्या गिरणीत काही वर्षं काम करून परत आलेला. गोदाम आटोपून तो आता रुईघरात, म्हणजे सरकी काढणाऱ्या रेच्यांतून आलेली रुई साठते त्या खोलीत, शिडी लावून छपराच्या पत्र्याच्या अगदी खाली पितळी वाट्या पालथ्या ठोकत होता. खाली बायका रुईतली किडकी कवडी, पानांची पत्ती निवडत बसलेल्या.

"काय टांगून राह्यला रे भाऊ?" सोजराबाईनं विचारलं.

"आगीची घंटा हाये अक्का. म्हंजे घंटा तिकडं फाटकावर. हे तिचे कान समजा."

कडूबा खाली उतरला आणि त्यानं एक वाटी उघडून दाखवली. आत बोटाएवढी पट्टी होती. दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या पाठीला पाठ लावून एक केलेल्या. "ताव लागला का दोन्ही वाढतात," तो म्हणाला, "पन एक जास्त वाढते, एक कमी. मंग दोघीचं जमत नाही अन् पट्टी वाकते. वाकून ह्या खिळ्याले टेकली का करंट पुरा होते, अन् घंटा वाजते. कोनी बटन दाबाचं काम नाही."

"अन् धूर झाला तं?" बायकांत वयानं सगळ्यांत मोठ्या असलेल्या अन्नपूर्णाबाईंनी विचारलं. त्या एकट्याच होत्या, विधवा, आणि बायका त्यांना मावशी म्हणत.

"धूर हिले समजत नाही मावशी. हिले नाक नाही. फक्त ताव समजते."

कोकिळा म्हणाली, "अन् तार तुटली तं?"

कडूबानं वाटी मिटली. "तं गप्प राहते. तार तुटली हे कोनाले समजत बी नाही. दुसऱ्या जातीची येते, तिच्यात करंट सदाचा फिरत राहते. तार तुटली का करंट थांबते अन् घंटाच बोंबलते. मी तेच सांगतलं होतं मालकाले. म्हने, विमावाल्यायले घंटा पाह्यजे ना, हेच लाव."

घंटा बसली. विम्याचा माणूस येऊन पाहून गेला, चहा पिऊन गेला.

होळीपर्यंत काही झालं नाही. होळीनंतर पत्रे तापू लागले. एका दुपारी घंटा अशी कडाडली, की रेचे थांबले, बायका धावत बाहेर आल्या, बाजारातली माणसं बादल्या घेऊन फाटकाशी आली. समोरच्या चहाच्या हॉटेलातून उत्तमराव तर घागर खांद्यावर घेऊन पळत आले. आग कुठंच नव्हती. चार-पाच दिवसांनी पुन्हा तसंच झालं, आणि मग पुन्हा. पोरंटोरं फाटकाशी येऊन "आग, आग" ओरडत नाचू लागली.

कडूबाला बोलावलं. त्यानं पत्र्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "वाट्या पत्र्याले चिकटून हायेत साहेब. पत्राच एवढा तापते का पट्टीले वाटते इस्तो लागला. हातभर खाली घ्या, नाहीतं जास्त तावाच्या वाट्या मागवा."

नारायणराव म्हणजे जिनिंगचे मॅनेजर. इस्त्रीचं धोतर, डोळ्यांवर काळा चष्मा. ते म्हणाले, "हंगाम संपल्यावर पाहू. रेचे बंद राहिले की माझं डोकं मालक खातात." कडूबा शेगावला दुसऱ्या कामावर निघून गेला. दुसऱ्या दिवशी नारायणरावांनी इंजीनवाल्याकडून फाटकाजवळची तार तोडून घेतली.

तोडलेलं टोक भिंतीवर लोंबत होतं. येता-जाता सगळ्यांना दिसत होतं. सोजराबाईनं पाहिलं आणि डोक्यावरचं टोपलं तिथंच आपटून ती कचेरीत गेली.

"तार काऊन तोडली?"

नारायणरावांनी मान वर केली नाही. "बाई, तुम्हाला काम करायचंय की घंटा ऐकायचीय?"

"तार नाही तं नाही. रुईघराची कडी तं काढा. भायेरून कडी घालून आमाले आत बसवता. आग लागली तं आमी कोठून निंगाव?"

"कडी काढली की लुगड्यात रुई घेऊन जाता. माहीत नाही का मला?"

तिथं हिशेबनीस बसला होता, दोन गाडीवाले उभे होते, कापूस घेऊन आलेला एक शेतकरी होता. सोजराबाईनं सगळ्यांदेखत कंबरेचा पदर सोडला आणि नारायणरावांच्या टेबलावर झटकला. थोडी धूळ पडली, पत्तीचा एक तुकडा पडला.

"पाहा. कोठं हाये रुई? आनखी काय सोडून दाखवू? सांगा! तुमच्या घरच्या बायायले असं इचारता का?"

नारायणरावांचे कान लाल झाले. त्यांनी मुकादमाला हाक मारली आणि सोजराबाईला आठवडाभर कामावर घेऊ नको म्हणून सांगितलं. उकंडराव म्हणाले, "काऊन तोंड वाजवते? वाकडं त्याचं, नुकसान आपलं." सोजराबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पण मळ्यातली विहीर तळाला गेली होती. आठवडा संपल्यावर ती पुन्हा रुईघरात जाऊन बसली. बाहेरून कडी पडली, तेव्हा ती दाराकडे पाठ करून बसली होती.

चैत्र निम्मा झाला होता. दुपारच्या भाकरी आटोपून बायका परत आत आल्या होत्या. भाकरीची गाठोडी आत न्यायला बंदी होती. ती फाटकाजवळच्या लिंबाला टांगलेली असत. मुकादमानं कडी घातली आणि तो आपल्या घरी जेवायला गेला.

कापसात खडा आला असावा. रेच्याच्या पोलादी पात्यावर खडा घासला की ठिणगी उडते. हे जिनिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक असतं. ती ठिणगी रुईत दडून रुईघरात आली. रुईचं असं आहे की ती आधी भडकत नाही. आतल्या आत धुमसते, वरून पांढरीशुभ्र दिसते. अन्नपूर्णाबाईंनी नाक वर केलं. "चिंधी जळल्यावानी वास येऊन राह्यला," त्या म्हणाल्या. सगळ्या उठून ढीग उकरू लागल्या. वारा लागला मात्र, ढिगावरून निळी ज्वाळा अशी पळाली, की जणू कुणी पांढऱ्या चादरीवरून हात फिरवला. क्षणात पलीकडचा ढीग पेटला.

बायका दाराकडे धावल्या. दार बाहेरून बंद. पलीकडे रेचे धडधडत होते, त्या आवाजात त्यांच्या हाका कुणाला ऐकू येणार? सोजराबाई दोन्ही मुठींनी दार बडवत होती आणि वर पाहत होती. वर पितळी वाटी होती. आतली पट्टी तेव्हा वाकली असेल, खिळ्याला टेकलीही असेल. फाटकावर शब्द नाही.

अन्नपूर्णाबाईंच्या लुगड्यानं पेट घेतला. कोकिळेनं दोन्ही हातांनी तो विझवायचा प्रयत्न केला. हात मागे घेतले नाहीत.

झरोक्यातून धूर बाहेर पडला तो समोर उत्तमरावांच्या हॉटेलात बसलेल्यांना दिसला. ते ओरडत आले. कडीला कुलूप नव्हतं, पण लोखंड तापून अडकलं होतं. बाहेर उभ्या असलेल्या गाडीवाल्यांनी गाडीचं जू काढून दारावर घातलं. दार मोडलं. बायका एकमेकींच्या अंगावर पडत बाहेर आल्या. अन्नपूर्णाबाईंना सोजराबाईनं ओढून काढलं. कोकिळा मागून चालत आली, हात पुढे धरून, एखादं भांडं धरावं तसे.

अन्नपूर्णाबाई बुलढाण्याच्या दवाखान्यात नेल्यावर वारल्या. शुद्ध होती तोवर त्या एकच विचारत होत्या, "दार काऊन नाही उघडलं वं?" कोकिळेचे हात वाचले, बोटं वाचली नाहीत. कातडी जुळून ती एकमेकांना चिकटली.

रुईघर जळालं. गाठींचं गोदाम अलग होतं, ते वाचलं. दोन दिवसांत गावात बोलणं सुरू झालं. घंटा वाजली म्हणे. बायका बाहेर निघाल्याच होत्या, पण म्हातारी भाकरीचं गाठोडं आणायला परत आत गेली म्हणे. तिच्या मागं ती दुसरी गेली म्हणे.

हे सोजराबाईच्या कानावर पडलं तेव्हा ती कोकिळेला पेज भरवत होती. तिनं वाटी खाली ठेवली. "कोन म्हनलं?"

"मुकादम सांगून राह्यला पारावर," कोकिळेचा नवरा, म्हणजे सोजराबाईचा भाऊ, म्हणाला.

सोजराबाई तशीच जिनिंगवर गेली. भिंतीवर लोंबणारं तारेचं टोक आता नव्हतं. तार नीट जोडलेली होती. सोजराबाई रस्ता ओलांडून उत्तमरावांच्या हॉटेलात शिरली.

"उत्तमराव, तुमी समोरच असता. त्या दिवशी घंटा वाजली का?"

उत्तमराव गाळणीतून चहा ओतत होते. जिनिंगच्या कचेरीत रोज त्यांचाच चहा जाई. "आता पाहा बाई, मी चहा ओतून राह्यलो होतो. माझं ध्यान नव्हतं."

"ध्यान नव्हतं? पत्रा तापून वाजली तवा घागर घेऊन पळाले. तवा ध्यान होतं?"

"उगाच मले त्याच्यात ओढू नोको."

शेजारचा शिंपी म्हणाला, त्याची मशीन चालू होती. किराणावाला म्हणाला, तो मागच्या खोलीत होता. सोजराबाई रस्त्यात उभी राहून ओरडली, "सारं गाव बहिरं होतं का त्या दिवशी? लिंबाले टांगलेलं गाठोडं आनाले मावशी आगीत काऊन जाईन? तिचं गाठोडं अजून तथीच टांगलेलं हाये, जा पाहून या!" कुणी गेलं नाही. दुकानांच्या फळ्यांआड माणसं खाली पाहत राहिली. त्यांचा राग तिला नारायणरावांपेक्षा जास्त आला. नारायणराव पगारासाठी खोटं बोलत होते. हे लोक कशासाठी मुके झाले होते?

मग कारखान्यांचे सरकारी साहेब तपासाला आले. तो बाजाराचा दिवस होता. मालक आले, नारायणराव आले. बायकांना कुणी बोलावलं नव्हतं. सोजराबाई फाटकावर गेली तर राखणदारानं हात आडवा केला. "हात खाली घे," ती म्हणाली, "नाहीतं मोडीन." त्यानं घेतला.

आत साहेब गोदामाच्या दारात उभे होते. तरुण होते, घामाघूम झाले होते. नारायणराव सांगत होते, "घंटा वाजली साहेब. यंत्रणा चोख आहे. अडाणी बायका, ऐकत नाहीत. एक परत आत गेली."

"खोटं हाये!" सोजराबाई पुढे आली. "तार तोडलेली होती. दाराले भायेरून कडी होती. मी आत होती."

"ही बाई भांडकुदळ आहे," नारायणराव म्हणाले. "हिला मी कामावरून बसवलं होतं. त्याचा राग काढतेय."

साहेबांनी दोघांकडे पाहिलं. "कडीचं मी पाहिलंय," ते म्हणाले. "घंटा चालू आहे की नाही, ते आधी पाहू."

"अवश्य पाहा!" नारायणरावांच्या तोंडावर पहिल्यांदाच हसू आलं. त्यांनी स्वतःच इंजीनवाल्याला हाक मारली, बांबूला चिंध्या गुंडाळायला लावल्या, रॉकेलात बुडवून पेटवायला लावल्या आणि गोदामाच्या दारातल्या वाटीखाली तो पलिता धरायला लावला. थोडा वेळ गेला. मग फाटकावरची घंटा कडाडली.

"ऐकलं साहेब? ऐकलं?" नारायणराव घंटेवर आवाज चढवून म्हणाले.

घंटा थांबायला तयार नव्हती. पितळ तापलं होतं, ते निवायला वेळ लागणार होता. तेवढ्यात फाटकात गलका झाला. राखणदाराला ढकलून माणसं आत घुसली. बाजारातले भाजीवाले, गाडीवाले, शिंपी, किराणावाला. कुणाच्या हातात बादली, कुणाच्या हातात ओलं पोतं. सगळ्यांच्या पुढे उत्तमराव, खांद्यावर घागर, कमरेला चहाचं फडकं.

"कोठं लागली? कोठं लागली?"

साहेबांनी हात वर केला. "कुठंच नाही. तुम्ही का आलात?"

"घंटा वाजली ना साहेब!" उत्तमराव धापा टाकत म्हणाले. "मागच्या वक्ताले धूर दिसेपर्यंत पत्ताच नाही लागला. म्हून आता घंटा ऐकताबरोबर पळालो."

बोलून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो. त्यांनी घागर खाली ठेवली.

साहेब हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी वाजली नाही?"

उत्तमरावांनी नारायणरावांकडे पाहिलं, मालकांकडे पाहिलं.

सोजराबाई त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. "बोला ना. आता तं चहा नाही ओतून राह्यले. आता कोनाचं ध्यान कोठं हाये? एक बाई जळून मेली उत्तमराव. तुमच्या दुकानासमोर जळली. आमी आतून हाका मारून राह्यलो होतो, त्या नाही आल्या ऐकू, मानलं. पन हे घंटा साऱ्या बाजाराले ऐकू येते. हे वाजली असती तं तुमी आलेच असते. आज आले तसेच आले असते. मावशी वाचली असती. बोला!"

जू घालून दार मोडणाऱ्यांतला एक गाडीवाला मागून ओरडला, "नाही वाजली साहेब! मी फाटकातच बैलं सोडून बसलो होतो. नाही वाजली!" त्याच्यामागून भाजीवाली म्हणाली, नाही वाजली. शिंपी म्हणाला. शेवटी उत्तमरावही म्हणाले, पण जमिनीकडे पाहत. घंटा तेव्हा थांबली.

नारायणराव घाम पुसत म्हणाले, "साहेब, या लोकांचं—"

"तुम्ही गप्प बसा," साहेब म्हणाले. मालक आपल्या मोटारीकडे चालू लागले होते.

बुलढाण्याला खटला चालला. दंड झाला. तो जिनिंगनं भरला आणि विषय मिटला. नारायणराव तुरुंगात गेले नाहीत. ते पलीकडच्या जिल्ह्यात दुसऱ्या जिनिंगचे मॅनेजर झाले, तिथं पगार जास्त होता असं लोक सांगत. सोजराबाईनं हे ऐकलं त्या दिवशी तिच्या हातून एक माठ फुटला. फुटला की तिनं फोडला, हे उकंडरावांनी विचारलं नाही.

पुढच्या हंगामात नवं रुईघर उभं राहिलं. दार बाहेर उघडणारं, कडी नसलेलं. वाट्या पत्र्यापासून हातभर खाली. कडूबा पुन्हा आला आणि या वेळी दुसऱ्या जातीची घंटा बसली. तार तोडायला गेलं तर तीच आधी ओरडेल अशी. सोजराबाईला मात्र मुकादमानं फाटकावरूनच सांगितलं, "तुमचं काम नाही." बाकीच्या बायका आत गेल्या. त्यांना पोटं होती. जाताना त्यांच्यातल्या काहींनी तिच्या हाताला हात लावला.

हंगामाच्या पूजेला मालकांनी गावातल्या चार मोठ्या माणसांना बोलावलं होतं. सोजराबाईला बोलावणं नव्हतं. ती कोकिळेला घेऊन गेली आणि मंडपात पुढेच बसली. कोकिळेनं हात पदराखाली घेतले होते. सोजराबाईनं पदर बाजूला सारला. "राहू दे उघडे," ती म्हणाली. "पाहू दे."

मालक भाषणाला उभे राहिले. नवी घंटा, नवं दार, कामगारांची काळजी. "गेल्या वर्षी एका दुर्दैवी मजूर स्त्रीचा अपघातात—"

"तिले नाव हाये!" सोजराबाई उभी राहिली.

मालकांनी मुकादमाकडे मान वळवली. मुकादम त्यांच्या कानाशी वाकला. "हं, अन्नपूर्णाबाई," मालक म्हणाले. "अन्नपूर्णाबाई यांचा अपघातात मृत्यू झाला, त्याचं आम्हाला दुःख आहे."

"अपघात नाही. तार तोडली होती अन् कडी घातली होती. अन् ते गाठोड्यापायी आत गेली नव्हती. हे बी म्हना. गावात अजून तेच बोलून राह्यले लोक. तुमच्या तोंडानं म्हना, तिची चूक नव्हती."

मालकांनी घसा साफ केला. भटजींनी वर पाहिलं. कुणीतरी हळूच म्हणालं, "बसा वं बाई, मुहूर्त टळते." मुकादमानं नारळ फोडला, टाळ्या वाजल्या, पेढ्याची ताटं फिरू लागली. एक ताट सोजराबाईसमोर आलं. तिनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि ताट धरणारा पुढे सरकला.

ती कोकिळेला घेऊन निघाली. फाटकाबाहेर आल्यावर कोकिळा म्हणाली, "अक्का, नाव तं घेतलं ना त्यायनं."

"घेतलं," सोजराबाई म्हणाली. "दुसऱ्यानं सांगतल्यावर."

दोघी मळ्याच्या वाटेला लागल्या. उकंडराव वांग्याला पाणी देत होते. त्यांनी दुरूनच बायकोची चाल पाहिली आणि काही न विचारता बांधावरचं दुसरं फावडं तिच्यासाठी पुढे काढून ठेवलं.